शेंडा खुडावा, पण दसरा बघून

शेंडा खुडावा की खुडू नये, यावर आमच्या घरात गेली कित्येक वर्षं एकमत नाही. मी खुडणाऱ्यांच्या पक्षाचा, आमच्या सौ. न खुडणाऱ्यांच्या. शेवंतीची रोपं वीतभर झाली की मी अंगठा आणि तर्जनीची नखं परजून अंगणात उतरतो आणि पाठीमागून आवाज येतो, "चाललात का मुंडकी उडवायला?"

परवा पुण्याहून पुतणीचा फोन आला. गच्चीतल्या कुंड्यांत तिने झेंडू, शेवंती आणि जास्वंद लावली आहे. "काका, मोबाइलवर सगळे सांगतात शेंडे खुडा, शेंडे खुडा. खुडू का?" एरवी मी ताडकन "खुड!" म्हणालो असतो. या वेळी मात्र म्हणालो, "आधी सांग, फूल तुला कधी हवंय?" ती गोंधळली. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. एक जुनं ओझंही त्यानिमित्ताने उतरेल.

आधी खुडण्याची बाजू मांडतो, कारण मी अजूनही त्याच पक्षात आहे.

झाडाचा शेंडा हा घरातल्या कर्त्या पुरुषासारखा असतो. सगळं आधी त्याला. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक बारीकसा डोळा असतो. त्याच्यातही फांदी व्हायची ताकद असते, पण शेंडा जागेवर आहे तोवर तो डोळा झोपून राहतो. शेंडा गेला की तीन-चार दिवसांत खालचे डोळे जागे होतात आणि एका काडीच्या जागी चार-पाच फांद्या येतात. झेंडू, शेवंती यांची फुलं फांदीच्या टोकाला येतात. टोकं जितकी जास्त तितकी फुलं जास्त, हिशोब इतका सरळ आहे.

हे असं का होतं याचा शोध लागायला बराच काळ गेला. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली दाखवून दिलं की गवताच्या कोवळ्या कोंबाच्या टोकाला उजेड कळतो आणि तिथून काहीतरी निरोप खाली जातो. हा निरोप नेणारा पदार्थ डच शास्त्रज्ञ वेंट यांनी १९२८ साली अगरच्या तुकड्यांत पकडला. तेच ऑक्झिन. पुढे १९३३ साली थिमन आणि स्कूग यांनी वालाच्या दूरच्या भावकीतल्या एका शेंगेच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापलेल्या जागी ऑक्झिन लावलं. खालचे डोळे फुटलेच नाहीत! म्हणजे शेंडा नसतानाही त्याचा हुकूम चालू राहिला. कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत एवढंच होतं. २००८ साली कळलं की फांद्या फुटू न देणारं आणखी एक संप्रेरक झाडात असतं. त्याचं नाव स्ट्रायगोलॅक्टोन. आणि २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी वाटाण्यावर प्रयोग करून सांगितलं की शेंडा तोडल्यावर खालच्या डोळ्यांना पहिली जाग येते ती साखरेने. वाढता शेंडा बरीचशी साखर स्वतःकडे ओढून घेत असतो. तो गेला की तीच साखर खालच्या डोळ्यांकडे वळते आणि ते हलू लागतात. ऑक्झिन कमी झाल्याची खबर त्यांच्यापर्यंत त्यानंतर पोचते.

मला हे वाचून फार आनंद झाला. माझी बी.ए.ची पदवी मराठीची, विज्ञानाशी माझा संबंध वर्गात शास्त्राचे सर गैरहजर असले की तास सांभाळण्यापुरता. पण यातून व्यवहाराची एक गोष्ट लगेच कळते. साखर पानं तयार करतात, उन्हात. म्हणून खुडायच्या आधी रोपावर चांगली चार-पाच जोड्या पानं हवीत, रोप उन्हात हवं आणि मुळं रुजलेली हवीत. मरतुकड्या, सावलीतल्या रोपाचा शेंडा खुडला तर ते फुटत नाही, नुसतं खंगतं.

आता सौ.ची बाजू. ती म्हणते, झाड आपल्या गतीने वाढतंय, तुम्ही कोण मध्ये हात घालणारे? मी एकदा तिला तुळशीपाशी नेलं. "रोज सकाळी मंजिऱ्या कोण खुडतं?" मंजिरी राहिली की तुळस बी धरते आणि काटकुळी होते, हे तिला तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आईने शिकवलं होतं. घरोघरच्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, फक्त त्याला पिंचिंग म्हणत नाहीत. पावसाळ्यात आमच्या कर्जत-नेरळच्या बाजारात आदिवासी बायका टाकळ्याची भाजी घेऊन बसतात. कोवळा शेंडा खुडून आणतात. खुडलेला टाकळा पुन्हा फुटतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भाजी मिळते. त्यांनाही कुणी ऑक्झिन शिकवलेलं नाही.

मला वाटलं, जिंकलो. सौ. शांतपणे म्हणाली, "मंजिरी मी देवाला वाहते. टाकळ्याची भाजी पोटात जाते. तुम्ही शेंडे खुडून फेकून देता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. (आता आहे. शेवंतीचे खुडलेले शेंडे वाळूत टोचले की त्यांना मुळं फुटतात आणि नवी रोपं होतात. हल्ली मी एकही शेंडा फेकत नाही. पण हे श्रेय तिचं.)

असो. आता ओझ्याकडे वळतो.

खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या बाजूला, माझा एक जुना विद्यार्थी शेती करतो. खाली भाताची खाचरं, वर दहा गुंठे वरकस जमीन. आमच्या या पट्ट्यात भात हाच राजा. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे आणि कर्जतच्या नावाने भाताचे वाण आहेत. फूलशेती म्हणजे जोडधंदा. पण तो जोडधंदाच सणाच्या तोंडावर हातात रोख पैसे देतो. २०२५ साली या पठ्ठ्याने त्या दहा गुंठ्यांत पहिल्यांदाच आफ्रिकन झेंडू लावला. आमच्या पावसात पाणी साचून मुळं कुजतात म्हणून उंच गादीवाफे केले. २८ जुलैला रोपं लावली. लेकीच्या कॉलेजची फी या झेंडूतून भरायची, असं त्याने ठरवलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. रोपं जोमदार होती, पण उभट, एकेका काडीची. मी म्हणालो, "अरे, शेंडे नाही खुडलेस? निम्मी फुलं घालवशील." आदल्या वर्षी मी माझ्या कुंड्यांतल्या झेंडूचे शेंडे याच सुमारास खुडले होते आणि दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबर २०२४ ला, कुंड्या अशा फुलल्या होत्या की गल्लीतल्या सगळ्या दारांना तोरणं झाली. त्याच तोऱ्यात मी होतो. शेतीच्या पुस्तिकेतही वाचलं होतं की लागवडीनंतर तीस ते चाळीस दिवसांनी शेंडा खुडावा. तेव्हा बरोबर चाळिसावा दिवस होता.

त्याची आई ओटीवर बसली होती. म्हणाली, "सर, औंदा दसरा लवकर हाय ना?"

मी म्हणालो, "आई, आठ-दहा दिवसांनी काय होतंय!"

हे माझं वाक्य मला अजून रात्री आठवतं.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. चांगला दहा दिवस अलीकडे. आणि शेंडा खुडला की फुलायला दहा-पंधरा दिवस उशीर होतो, कारण झाडाला आधी फांद्या काढायच्या असतात, मग त्या फांद्यांना कळ्या. मला हे माहीत होतं. माहीत असून मी ते जमेला धरलं नाही. आणखी एक चूक म्हणजे काही रोपांच्या शेंड्यावर हरभऱ्याएवढी कळी दिसत होती. कळी धरलेला शेंडा खुडणं म्हणजे पिकलेलं फूलच खुडणं. मीही पाहिलं, त्यानेही पाहिलं. पण सर सांगताहेत म्हटल्यावर तो काही बोलला नाही. त्याच्या आईने मात्र कडेच्या चार ओळींना हात लावू दिला नाही. "या माझ्या," म्हणाली.

२५ सप्टेंबरच्या सुमारास त्या चार ओळी फुलल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हातारीने जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, चौकजवळ टोपली मांडली आणि दुपारपर्यंत रिकामी करून घरी आली. बाकीचा सगळा मळा हिरवागार, कळ्यांनी लगडलेला आणि फूल एक नाही.

ते फूल उमललं ११ ऑक्टोबरला. दसरा होऊन गेलेला. महडच्या वरदविनायकाला संकष्टीची गर्दी असते, हारवाले फुलं घेतात, पण संकष्टीही आदल्याच दिवशी, १० तारखेला झालेली. दिवाळीचं लक्ष्मीपूजन २१ ला. मधल्या दहा दिवसांत झेंडूला कोण विचारतो? आणि फुलं तर इतकी आली! खुडलेल्या रोपांना न खुडलेल्यांच्या दुप्पट तरी असतील. पोती भरली. दसऱ्याला म्हातारीला मिळालेल्या भावाच्या निम्मासुद्धा भाव मिळाला नाही. दिवाळीला थोडी सावरासावर झाली, एवढंच. फीचे पैसे त्याला उसने काढावे लागले.

मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "चूक माझी." तो म्हणाला, "नाही सर, तुमचं बरोबर होतं, फुलं खरंच दुप्पट आली." हे त्याने मनापासून म्हटलं की मला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे. पण त्याचं ते "बरोबर होतं" मला झोंबलं. सल्ला बरोबर आणि वेळ चुकीची, तर तो सल्ला बरोबर कसा? पुस्तिकेत "तीस ते चाळीस दिवस" लिहिलेलं होतं. दसरा कधी, ते पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. ते म्हातारीला माहीत होतं.

यात एक गंमत आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. झेंडू दिवस मोजतो सूर्याचे आणि आपण सण धरतो चंद्राचे. २०२३ साली अधिक श्रावण आला, तर दसरा गेला २४ ऑक्टोबरला. २०२४ ला १२, २०२५ ला २. आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठ, म्हणून दसरा २० ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा झोका! एका वर्षी जमलेला हिशोब पुढच्या वर्षी तसाच्या तसा चालत नाही. म्हणून माझं पहिलं मत असं की, शेंडा खुडायचा दिवस लागवडीपासून पुढे मोजू नये, सणापासून मागे मोजावा.

दुसरं मत, प्रत्येक झाडाला एकच नियम लावू नये. मोबाइलवरच्या सल्ल्यांची माझी तक्रार नेमकी हीच आहे. सगळ्यांना एकच कात्री.

शेवंतीचं पाहा. तिच्या काश्या जून-जुलैत लावल्या की महिन्याभराने पहिला शेंडा खुडावा, नव्या फांद्या बोटभर झाल्या की दुसरा. पण ऑगस्टच्या अखेरीनंतर हात आवरावा. शेवंती रात्र मोजते. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती कळ्या धरते. त्यानंतर खुडाल तर कळ्याच जातील. आमच्याकडे एका वर्षी मी सप्टेंबरच्या शेवटी "अजून एकदा" म्हणून खुडले आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना सौ.ला बाजारातून शेवंती आणावी लागली. चारही गुरुवारी मला त्याची आठवण करून देण्यात आली. शेवंतीत उलटाही प्रकार करता येतो. एकच मोठं फूल हवं असेल तर शेंड्याची कळी ठेवून बाजूच्या कळ्या खुडायच्या. म्हणजे खुडायचं काय, हे आपल्याला काय हवंय त्यावर ठरतं.

जास्वंद, बोगनवेल यांना फुलं येतात ती नव्या फांदीवर. लहानपणी शेंडा खुडून झाड भरदार करून घ्यावं, पुढे फुलांचा बहर ओसरला की हलकी छाटणी करावी. मोगऱ्याला थंडीत छाटून, पाणी तोडून विश्रांती द्यावी, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर नव्या फुटीबरोबर कळ्या येतात.

आणि काहींना अजिबात हात लावू नये. निशिगंध आणि ग्लॅडिओलस एकच दांडा काढतात, तो मोडला की संपलं. एका फुलाचं सूर्यफूल तसंच. मोठ्या तुऱ्याचा कोंबडा तसाच. आणि आपला तेरडा! त्याची फुलं मुख्य खोडालाच, पानापानाशी लगटून येतात. आमच्या भागात पुष्कळ घरी तेरड्याच्याच गौरी आणतात, मुळासकट. शेंडा उडवलेली गौर कुणाच्या घरात चालेल? तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तेवढे तीन दिवस तरी त्याला मिळू द्यावेत.

तिसरं मत थोडं कडू आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कर्जत-खालापूरकडे फार्महाऊसं उभी राहिली. तिथल्या कुंपणाला तगर, जास्वंद, एक्झोरा अशी फुलझाडं हौसेने लावतात. मग माळी दर आठवड्याला येतो आणि मोठ्या कात्रीने सगळं चौकोनी करून जातो. मालक शनिवारी येतात तेव्हा कुंपण भिंतीसारखं ताठ असतं आणि जास्वंदीला एक फूल नसतं. एका फार्महाऊसच्या मालकीणबाईंनी मला विचारलं, "आमची जास्वंद वांझ आहे का हो?" मी म्हणालो, "नाही हो बाई, तिला कळी धरायला सवड मिळत नाही." खुडणं म्हणजे एकदा-दोनदा हात लावून मग मागे सरणं. रोज कापत राहणं म्हणजे खुडणं नव्हे. ज्याला खुडल्यावर थांबता येत नाही त्याने खुडूच नये.

आता इथवर वाचलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना वाटत असेल, आता सर मुलांवर येणार. शेंडा खुडला की झाड बहरतं, तसं मुलांनाही वेळीच... वगैरे. हे भाषण मी नोकरीत असताना पुष्कळदा केलं आहे. पालकसभेत टाळ्याही पडत. आज ते करणार नाही. शेवंतीचा कुठला शेंडा खुडला तरी खालच्या फांदीला तसंच फूल येतं, शेंड्यात जे होतं तेच खालच्या डोळ्यातही असतं. मुलाच्या बाबतीत ही खात्री मला कुणी दिली होती? आणि शेंडा खुडायचा अधिकार मला होता असं तरी कुणी सांगितलं होतं? वर्गात मी ज्यांना "हे नाद सोड" म्हणालो, त्यांच्यात खालून दुसरं काही फुटलं की नाही, हे पाहायला मी थांबलो नाही. दुसरी तुकडी आली, मी तिच्याकडे वळलो. झेंडूने निदान महिन्याभरात माझी चूक मला दाखवली. म्हणून ते दृष्टांत आता बंद.

तर पुतणीला उत्तर असं. झेंडू दसऱ्याला हवा असेल आणि वेळ हातात असेल तर खुड, नसेल तर राहू दे, कमी फुलं वेळेवर आलेली बरी. शेवंती ऑगस्टअखेरपर्यंत खुड. जास्वंदीला एकदा खुडून मग विसरून जा.

आणि माझ्या विद्यार्थ्याबरोबर बसून आम्ही २०२६ चा हिशोब कागदावर मांडला. दसरा २० ऑक्टोबर. फूल तोडायला सुरुवात दहा तारखेच्या आसपास व्हायला हवी. खुडलेल्या झेंडूला लागवडीपासून सत्तर-बहात्तर दिवस धरले, तर लागवड ३० जुलैला. रोपं तयार व्हायला पंचवीस दिवस, म्हणजे बी जुलैच्या पाच तारखेला. शेंडा २५ ऑगस्टला, कळी दिसायच्या आत, एकदाच. हे आकडे त्याच्या शेतातले, त्याच्या वाणाचे. तुमच्याकडे दोन-चार दिवस इकडेतिकडे होतील.

कागद म्हातारीला वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कडेच्या चार ओळी माझ्या. त्यांना हात लावायचा नाय."

या वेळी मी म्हणालो, "चार नको आई, आठ ठेवा."